मामांची पात्रता फेरी

नेदरलँड्समध्ये हॉकी खेळणारी माणसं पावलोपावली भेटतात, हॉकी पाहणारी त्याहून जास्त भेटतात. पण हॉकीचं परिपत्रक वाचणारा माणूस त्या देशात आजवर एकच होऊन गेला, आणि तो खडकीचा होता. स्पर्धेची नियमावली आली की तिकडची पोरं ती उघडतसुद्धा नाहीत. मामा ती छापून आणत, तिला भोकं पाडत, फाइलला लावत आणि मग लाल-निळी पेन्सिल घेऊन अशी वाचत की परीक्षेला तेच बसणार आहेत. एकदा तर आयोजकांनीच फोन करून त्यांना विचारलं होतं की मागच्या वर्षी आपला चौथा नियम नेमका काय होता. मामांनी पानाच्या क्रमांकासह सांगितला.

तसे ते माझे कोणीच नव्हते. डेल्फ्टला मी एम.एस्सी. करायला गेलो तेव्हा माझा जो रूममेट होता, त्याचे हे सख्खे मामा. हेगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचे आणि राहायला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. रूममेटचा अभ्यास संपला, तो पुण्याला परत गेला. जाताना कुकर, दोन चादरी आणि मामा मला ठेवून गेला. कुकरची शिटी महिन्याभरात बिघडली. मामा मात्र टिकले. मी बार्शीचा, वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे सांगायची संधी मी कधी सोडत नाही, इथेही सोडणार नाही. मामांना ते फार आवडायचं. कोणाशीही ओळख करून देताना ते माझं नाव सांगायच्या आधी “हा त्यांच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट” असं इंग्रजीत सांगत, आणि समोरचा डच माणूस गोंधळून माझ्याकडे असा बघे, की बाकीच्यांचं काय झालं?

मी सांगलीला इंजिनिअरिंग करताना गोलकीपर झालो होतो, तोही केवळ देहयष्टीच्या जोरावर. डेल्फ्टला विद्यार्थ्यांच्या एका हॉकी संघाला गोलकीपर हवा होता, मी गेलो, आणि माझ्यामागोमाग मामा आले. पहिल्या दिवशी ते नुसतेच डबा घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी संघाचा कप्तान रूबेन सहज बोलून गेला की कागदपत्रांची कामं करायला इथे कोणी तयार होत नाही. त्याला बिचाऱ्याला काय कल्पना. पुढच्या शनिवारी मामा प्रत्येक खेळाडूसाठी एक अर्ज घेऊन हजर. पासपोर्ट साइझचे फोटो चार, विद्यापीठाचं बोनाफाईड सर्टिफिकेट, ओळखपत्राची प्रत, रक्तगट. त्या पोरांनी आयुष्यात बोनाफाईड हा शब्द ऐकला नव्हता. विद्यापीठात नाव असल्याचा पुरावा म्हणून तिथे तुम्ही ‘आहे’ म्हटलं की पुरतं. टाइस नावाचा आमचा एक ताडमाड डिफेंडर होता, त्याने हळूच मला विचारलं की आपण कुठल्या देशात पळून जातोय का. पण मामांनी दोन आठवड्यांत सोळा जणांचे कागद गोळा केले, आणि प्रत्येक प्रतीवर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा मराठी शिक्का मारला. तो शिक्का त्यांनी पुण्याहून येणाऱ्या एका माणसाबरोबर मुद्दाम मागवला होता. डच माणसाला तो वाचता येणार नाही, असं मी म्हटलं तर म्हणाले, शिक्का वाचायचा नसतो, असायचा असतो.

ती फाइल म्हणजे त्यांचा जीव. सायकलच्या मागे सुपरमार्केटची पिशवी, पिशवीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमध्ये फाइल. सायकल मामा तिकडे गेल्यावर चाळिशीत शिकले होते आणि समोरून वारा आला की ते वाऱ्याशी वाद घालत. एकदा कालव्याकाठी वळताना तोल गेला. पाहणारे सांगतात की मामांनी आधी पिशवी सोडवून गवतावर टाकली, ती नीट पडली की नाही ते पाहिलं, आणि मग सावकाश पाण्यात पडले. कमरेइतकंच पाणी होतं. बाहेर काढल्यावर पहिला प्रश्न, फाइल कोरडी आहे ना.

आता ही पात्रता फेरी काय प्रकरण होतं, ते मामांनी मला समजावलं तसंच सांगतो. रविवारची सकाळ, पुढ्यात पोह्यांची बशी. पोह्यांतले शेंगदाणे त्यांनी वेचून चार ढीग केले. देशाचे चार विभाग. प्रत्येक विभागात सहा कॉलेजांचे संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. विभागात पहिला येईल तो थेट राष्ट्रीय स्पर्धेला. जे बाद झाले ते शेंगदाणे मामांनी खाऊन टाकले. आता राहिले चार उपविजेते, आणि जागा दोन. कोणाला घ्यायचं? आधी गुण बघायचे. गुण सारखे तर गोलफरक. तोही सारखा तर एकूण केलेले गोल. तेही सारखे झाले तर? इथे मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तर ज्या संघाला वर्षभरात कमी कार्डं दाखवली गेली तो आत. आणि हा नियम, ते म्हणाले, अख्ख्या देशात फक्त मला माहीत आहे.

झालं, तेव्हापासून मामांनी मैदानावर चेंडूकडे बघणं सोडलं. ते पोरांच्या तोंडांकडे बघत. डच पोरगा स्वभावाने वाईट नसतो, पण पंचाचा निर्णय पटला नाही तर तो ते सांगणारच. लहानपणापासून त्याला आपलं मत मांडायला शिकवलेलं असतं. ओठ हलायला लागले की मामा सीमारेषेवरून ओरडत, “जाऊ दे रे, जाऊ दे.” वर्षभर ते दोन शब्द ऐकून ऐकून पोरांना अर्थ कळला, मग ती स्वतःच म्हणायला लागली. समोरच्या संघातले काहीतरी अद्वातद्वा बोलताहेत, पंच घामाघूम झालाय, आणि आमचा सहा फूट चार इंचांचा टाइस दात आवळून स्वतःशी ‘जाउदे, जाउदे’ करत मागे सरकतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चार सामन्यांत आम्हाला दोनच कार्डं मिळाली, तीही ताकिदीची हिरवी, आणि त्यांतलं एक मामांना होतं.

असे आम्ही मे महिन्यापर्यंत आलो. दोन विजय, दोन बरोबऱ्या, आठ गुण. आमच्या विभागात पहिला नंबर लायडनच्या पोरांनी केव्हाच पक्का केला होता. दुसऱ्या जागेवर आम्ही, आणि शेवटचा सामना रॉटरडॅमशी. बाकीच्या तीन विभागांतले सामने आटोपले होते. एक उपविजेता अकरा गुणांवर, तो आपल्या आवाक्याबाहेर. एक सातवर, तो मामांनी खाल्ला. राहिला आइंडहोवनचा संघ, नऊ गुणांवर. म्हणजे आम्ही जिंकलो तर आत, हरलो तर घरी, आणि बरोबरी झाली तर आमचेही नऊ, गोलफरकही दोघांचा अधिक चार. तिथून पुढे मामांचं राज्य. आमच्या संघाने त्या आधी कधी राष्ट्रीय स्पर्धेचं मैदान पाहिलेलं नव्हतं. रूबेनचा मोठा भाऊ याच संघातून खेळला होता आणि दोनदा उपविजेता होऊन घरी बसला होता. पोरं सरावाला वेळेवर यायला लागली. मी झोपेतही पाय आडवे टाकत होतो.

त्याच धांदलीत, शेवटच्या सामन्याच्या अकरा दिवस आधी, मी पास झालो. प्रबंधाचं सादरीकरण, चार प्रश्न, हस्तांदोलन, कागदावर सही. मी बार्शीला फोन लावला. वडील म्हणाले, डेपोत पेढे वाटतो. मामांनी तर ताळतंत्रच सोडलं. तिकडे पोर शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घराबाहेर झेंडा लावतात आणि काठीला त्याचं दप्तर टांगतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीबाहेर झेंडा, आणि झेंड्याच्या काठीला माझी लॅपटॉपची बॅग. समोरच्या म्हाताऱ्या बाई रस्ता ओलांडून आल्या, माझ्या दाढीकडे पाहत माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, उशीर झाला तरी हरकत नाही, शिक्षण सोडू नये.

आणि त्याच दिवशी मामा मला विद्यापीठाच्या काउंटरवर घेऊन गेले. कशाला, तर लिव्हिंग सर्टिफिकेट घ्यायला. ब्रेडाच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. त्यांनी फक्त पदवी मागितली होती. पण मामांचं म्हणणं, पास झाल्यावर कॉलेज सोडल्याचा दाखला पहिल्या दिवशी हातात घ्यावा, नंतर साहेब रजेवर असतो. काउंटरवरच्या बाईंना आम्ही काय मागतोय ते आधी कळेचना. असं काही आम्ही देत नाही, म्हणाल्या. नाव तर ऑगस्टपर्यंत आपोआप चालू राहतं. मामा हटले नाहीत. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, हवं तर याचं नाव आजच्या तारखेने कमी करते आणि तसं पत्र देते. मामा म्हणाले, तेच. पत्र आलं, मामांनी तिथल्या तिथे दोन प्रती काढल्या, मला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून विजयी होऊन आल्यासारखं वाटलं, आणि आम्ही बाहेर येऊन बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. आपण काय करून बसलो, याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

पत्ता लागला सामन्याच्या आदल्या गुरुवारी. मामा माझ्या खोलीवर फाइल अद्ययावत करत बसले होते. शेवटच्या सामन्यासोबत संघाच्या व्यवस्थापकाने, म्हणजे मामांनी, एका ओळीवर सही करून द्यायची होती, की आमचे सर्व खेळाडू आजच्या तारखेला विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. मी चहा टाकत होतो. मागून कागद उलटल्याचा आवाज येत होता तो थांबला. वळून पाहिलं तर मामांच्या एका हातात माझं ते पत्र आणि दुसऱ्या हातात नियमावली, आणि चेहरा असा, की मला वाटलं खडकीहून काही वाईट कळलंय.

शुक्रवारी सकाळी दारं उघडायच्या आधी आम्ही काउंटरवर. त्याच बाई. आता नाव परत घाला म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. पण मे महिन्यात नवा प्रवेश होत नाही, आणि पास झालेल्या माणसाला तर कशाचा प्रवेश द्यायचा. संध्याकाळी सरावाला रूबेनला सांगितलं. तो हसायला लागला. त्याला यात अडचणच दिसेना. कोण तपासतंय? दोन आठवड्यांपूर्वी तो विद्यार्थी होता ना? संघात असे तिघे आहेत जे तीन वर्षं वर्गात गेलेले नाहीत, ते चालतात आणि हा पास झाला म्हणून चालत नाही? सही कर आणि सोड, मामा. पोरं भोवती जमली, सगळ्यांचं तेच. आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच. पेढे वाटताना वडिलांनी अख्ख्या डेपोला सांगून ठेवलं होतं की पोरगा हॉलंडमध्ये कॉलेजच्या नॅशनलला उभा राहणार. मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, “मामा, एक सही. मी आयुष्यात परत कधी मागणार नाही.”

मामा स्टिक ठेवायच्या बाकावर बसले. बराच वेळ बुटाची लेस बांधत राहिले.

“मी सेकंड इयरला नापास झालो होतो,” ते म्हणाले. “घरी सांगितलं नाही, कॉलेजात कोणी विचारलं नाही. नाव कमी झालेलं, तरी मी खेळत राहिलो. आमची टीम झोन जिंकली. इंटर-युनिव्हर्सिटीला भोपाळला गेलो आम्ही. तिथे टेबलावर एकाने यादी तपासली. अकरा जणांना परत गाडीत बसवलं मी, न खेळता. दिवस-रात्रीचा प्रवास, कोणी एक शब्द बोललं नाही माझ्याशी. शिवी दिली असती तरी चाललं असतं.”

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

“पुढे पदवी घेतली मी,” ते म्हणाले, “बाहेरून, सात वर्षांनी. पण त्या अकरांतल्या कोणाला पेढा द्यायला तोंड नव्हतं.” मग माझ्याकडे न बघता, “तू पास झालेला माणूस आहेस, बाळा. तुला चोरून उभं करायचं? उलट चूक माझी आहे, तुला दाखला मी घ्यायला लावला. रूबेनला सांग, मला हाकलायचं तर हाकल. पण सही मी पंधरा जणांचीच करणार.”

रूबेनला मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. तो डोकं खाजवत उभा राहिला. मग टाइसकडे बघून म्हणाला, तुझ्या पायाला याचे पॅड बसतात का बघ.

बसले नाहीत. गुडघ्याखालीच संपत होते. शनिवारी रॉटरडॅमच्या पोरांनी गोलात उभा असलेला तो खांब पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा मी सामना बाहेरून पाहिला, आणि सांगतो, गोलात उभं राहणं त्याहून फार सोपं. विसाव्या मिनिटाला चेंडू टाइसच्या दोन पायांमधून, अगदी ऐसपैस जागेतून, आत गेला. शून्य-एक. मध्यंतरापर्यंत टाइसला पॅड घालून पडायचं कसं ते कळलं, पण उठायचं कसं ते कळलं नव्हतं. प्रत्येक वेळी दोघं जाऊन त्याला उभं करत होते. मी बाजूने ओरडून ओरडून घसा बसवला. डावीकडे सर, काठी खाली, पुढे ये, आता पड. तो पडला की मीही गवतावर पडत होतो. मामा माझ्या शेजारी, हातात वही आणि पेन्सिल, आकडे पुटपुटत. संपायला बारा मिनिटं असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि रूबेनने चेंडू असा गोलाच्या फळीवर हाणला की आवाज आधी आला आणि गोल नंतर दिसला. एक-एक.

मामांनी माझा दंड धरला. बोटं रुतली. “अकरा गोल आइंडहोवनचे, अकरा आपले,” ते म्हणाले. “आता कार्ड. त्यांची तीन आहेत.”

म्हणजे बरोबरी चालणार होती, पण कार्ड एकही चालणार नव्हतं. आलं तर तीन-तीन, मग चिठ्ठी. हे मैदानावरच्या कोणालाच माहीत नव्हतं. आणि शेवटच्या चार मिनिटांत रूबेनने दुसरा गोल केला, पोरं एकमेकांच्या अंगावर चढली, आणि पंचाने हात हलवून गोल नाकारला. चेंडूला पाय लागला म्हणे. लागला नव्हता. मी समोर होतो, पाय लागला नव्हता. आमची अकराच्या अकरा तोंडं एकदम उघडली. टाइस तर आपल्या गोलातून, ते आखूड पॅड आपटत, सबंध मैदान ओलांडून पंचाकडे निघाला, रेल्वेचं इंजिन निघावं तसा. मामा सीमारेषेवरून त्याला समांतर धावत होते. चष्मा पडला, तो उचलायला थांबले नाहीत. धावतानाच हात जोडलेले. टाइस पंचासमोर जाऊन उभा राहिला. छाती वर-खाली होत होती. पंचाचा हात खिशाकडे गेला. टाइसने मामांकडे पाहिलं, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “जाउदे.”

पंचाला वाटलं तो माफी मागतोय. त्याने खिशातला हात काढून त्याच्या पाठीवर थोपटलं.

रविवारी आयोजकांची ई-मेल आली त्यात आमचं नाव होतं. मामांनी ती छापून आणली, दोन प्रतींत.

राष्ट्रीय स्पर्धा ॲमस्टरडॅमला होती. मी नोकरीवर रुजू होण्याआधीचा शेवटचा शनिवार. पोरांनी मला पाणी भरायचं काम दिलं आणि मी ते आनंदाने घेतलं. प्रवेशाच्या टेबलावर एक सोनेरी केसांची मुलगी बसली होती. तिने संघाचं नाव विचारलं, यादीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, जा आत. मामा हलले नाहीत. त्यांनी फाइल तिच्यापुढे ठेवली. तिने सांगितलं, याची गरज नाही, आमचा विश्वास आहे. मामा तरी हलले नाहीत. मागे रांग लागली. शेवटी त्यांनी इतक्या अजिजीने विनंती केली की तिने फाइल उघडली, आणि मुलगी भली होती, एकेक पान पाहायला लागली. सोळाव्या पानावर माझा फोटो आणि त्यावर लाल पेन्सिलीने मारलेली तिरपी रेघ. याने काय केलं, तिने विचारलं.

“हा आमचा गोलकीपर,” मामा म्हणाले. “पास झाला.”

ते त्यांनी असं काही सांगितलं की ती मुलगी टेबलामागून उठली आणि तिने माझ्याशी हात मिळवला. त्या स्पर्धेत आम्ही तिन्ही सामने हरलो. टाइसने एकूण चौदा गोल खाल्ले. पण माझ्या त्या दिवसाच्या आठवणीत हरणं कुठेच नाही.

परतीच्या गाडीत पोरं मध्येच उतरली, कोणाच्या तरी घरी जेवायला. मी आणि मामा समोरासमोर. मला पुढे ब्रेडापर्यंत जायचं होतं, नव्या खोलीची किल्ली घ्यायची होती; सामान सकाळीच पोहोचवलं होतं. दोन वर्षांत आम्ही एका स्टेशनवर उतरणार नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. मामा बरंच काही बोलले, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नियमांत काय बदल व्हायला हवेत यावर. डेल्फ्ट आलं तसे उठले, पिशवी छातीशी धरली, खाली उतरले, आणि फलाटावरून दारात तोंड घालून म्हणाले, “रुजू झाल्याचं पत्र देतील ते. त्याची एक प्रत मला पाठव.”

“तुम्हाला कशाला, मामा?”

“असू दे,” ते म्हणाले.

दारं लागली. काचेतून दिसेपर्यंत ते तिथेच उभे होते, गाडीच्या दिशेने तोंड करून. पुढच्या सोमवारी मला पत्र मिळालं, आणि जेवणाच्या सुट्टीत मी पोस्टाची पेटी शोधत निघालो.